जिंकणारा मुष्टियोद्धा आणि आवडणारा मुष्टियोद्धा

सौदी अरेबियाची राजधानी रियाध येथे ४ मे २०२५ रोजी पहाटे मेक्सिकोचा सौल 'कनेलो' आल्वारेझ आणि क्युबात जन्मलेला विल्यम स्कल हे दोन मुष्टियोद्धे समोरासमोर आले. सुपर मिडलवेट गटातील चारही प्रमुख संघटनांची जगज्जेतेपदे त्या लढतीत पणाला लागली होती. बारा फेऱ्या संपल्या, कनेलोला एकमताने विजयी घोषित करण्यात आले आणि जगभरातील रसिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हा निःश्वास आनंदाचा नव्हता, कंटाळ्याचा होता. छत्तीस मिनिटांत दोघांनी मिळून अवघे ४४५ ठोसे फेकले होते, म्हणजे मिनिटाला सरासरी बारा. ठोशांची मोजदाद करणाऱ्या 'कॉम्प्युबॉक्स'च्या सुमारे चार दशकांच्या नोंदींत बारा फेऱ्यांच्या कोणत्याही लढतीत इतके कमी ठोसे फेकले गेले नव्हते. जेत्या कनेलोचे १५२, तर पराभूत स्कलचे २९३. त्यापूर्वी जेमतेम एक दिवस आधी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोठा गाजावाजा करून भरवलेल्या लढतींनीही प्रेक्षकांची अशीच निराशा केली होती.

या दोन्ही सोहळ्यांमागे ज्यांचा पैसा आणि शब्द होता, ते सौदी अरेबियाच्या मनोरंजन प्राधिकरणाचे प्रमुख तुर्की अलालशिख यांनी लगेच जाहीर केले की, यापुढे एकाने पळायचे आणि दुसऱ्याने पाठलाग करायचा, अशा 'टॉम अँड जेरी' छापाच्या लढती आपल्याला नकोत. यजमानच रागावल्यावर पाहुण्यांनी काय बोलायचे? मात्र या रागाने मुष्टियुद्धातील एक जुना वाद पुन्हा ऐरणीवर आणला. मुष्टियोद्ध्याचे पहिले कर्तव्य कोणते, जिंकणे की रिझवणे? वरवर पाहता हा अभिरुचीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो पैशाचा आहे, आणि त्याहून अधिक तो माणसाच्या मेंदूचा आहे.

नियमांच्या पुस्तकापुरते बोलायचे तर उत्तर सोपे आहे. व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजली जाते. फेरी जिंकणाऱ्यास दहा आणि हरणाऱ्यास नऊ किंवा त्याहून कमी गुण मिळतात. निकष चार आहेत : स्वच्छ आणि नेमके ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरील हुकमत आणि बचाव. यात प्रेक्षकांच्या आरोळ्यांना गुण नाहीत. नुसते पुढे धावून जाण्यालाही गुण नाहीत. आक्रमणाला 'परिणामकारक' हे विशेषण मुद्दाम जोडलेले आहे. ठोसा चुकवणे हे ठोसा मारण्याइतकेच कौशल्याचे काम आहे, हे या खेळाच्या घटनेतच लिहून ठेवलेले आहे. मग ते कौशल्य दाखवणाऱ्याची हुर्यो का उडवली जाते?

कारण घटना एक सांगते आणि तिकीटखिडकी दुसरेच. क्युबाच्या गिलेर्मो रिगाँडोचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. सिडनी आणि अथेन्स अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या या मुष्टियोद्ध्याने १३ एप्रिल २०१३ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये नोनिटो डोनेअरला हरवले. डोनेअर तेव्हा ऐन भरात होता. आदल्या वर्षीचा सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून त्याचा गौरव झाला होता. दहाव्या फेरीत रिगाँडो एकदा खाली पडला, पण उरलेल्या बहुतेक वेळात डोनेअरला आपला प्रतिस्पर्धी नेमका कोठे उभा आहे, हेच उमगत नव्हते. जाणकारांनी त्या रात्री बचावशास्त्राचा वस्तुपाठ पाहिला. प्रेक्षकांना मात्र पळणारा माणूस दिसला. एवढ्या मोठ्या विजयानंतर एखाद्याचे दार उघडावे. रिगाँडोचे ते हळूहळू बंद होत गेले. प्रक्षेपकांचा उत्साह ओसरला, मोठ्या लढती दुर्मीळ झाल्या. अखेर डिसेंबर २०१७मध्ये, वयाची पस्तिशी ओलांडल्यावर, त्याला मोठी लढत मिळाली ती स्वतःच्या गटापेक्षा दोन गट वरच्या वजनात, व्हॅसिली लोमाचेंकोविरुद्ध. सहा फेऱ्यांनंतर त्याने माघार घेतली आणि व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव पत्करला. जिंकूनही शिक्षा होते ती अशी.

याच्या अगदी उलट टोकाला आर्तुरो गाटी आणि मिकी वॉर्ड यांची जोडी उभी आहे. १८ मे २०२२ नव्हे, तर त्याच्या बरोबर वीस वर्षे आधी, १८ मे २००२ रोजी, या दोघांनी पहिल्यांदा एकमेकांना अक्षरशः झोडपून काढले. नवव्या फेरीत वॉर्डच्या बरगडीखालच्या ठोशाने गाटी खाली बसला, उठला आणि त्याच फेरीत परत चालून गेला. वॉर्ड जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि पुढच्या जूनमध्ये झालेल्या दोन्ही लढती गाटीने जिंकल्या. तिन्ही लढतींत कोणतेही प्रमुख जगज्जेतेपद पणाला लागलेले नव्हते. वॉर्डच्या नावावर कारकिर्दीत १३ पराभव आहेत आणि चार प्रमुख संघटनांपैकी एकीचाही पट्टा त्याच्या कमरेला कधी लागला नाही. तरीही त्याच्या आयुष्यावर २०१०मध्ये 'द फायटर' हा चित्रपट निघाला. नऊ पराभव पदरी असलेल्या गाटीची २०१३मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरवदालनात निवड झाली. पराभवांची अशी कमाई रिगाँडोला विजयांनीही करता आली नाही.

मग निष्कर्ष सरळ काढावा काय, की मुष्टियुद्धात रोमहर्षक शैलीच श्रेष्ठ? तसा तो काढता येत नाही. कारण याच गाटीची २५ जून २००५ रोजी अटलांटिक सिटीत फ्लॉइड मेवेदरशी गाठ पडली. सभागृह गाटीचे, आरोळ्या गाटीच्या, पट्टाही गाटीचा. मेवेदरने सहा फेऱ्यांत त्याची अशी अवस्था केली की, कोपऱ्यातील प्रशिक्षकाने त्याला सातव्या फेरीसाठी उठूच दिले नाही. प्रेक्षकांचे प्रेम एकाकडे आणि लढत दुसऱ्याकडे, असा तो सामना होता.

पुढे मेवेदरने जे केले ते तर या वादाचा कोष्टकच उलटे करणारे ठरले. २००७ साली ऑस्कर दे ला होयाविरुद्धची त्याची लढत पैसे मोजून घरी पाहणाऱ्यांची संख्या सुमारे २४ लाखांवर गेली. २ मे २०१५ रोजी मॅनी पॅकियाओविरुद्ध ती ४६ लाखांवर पोहोचली. केवळ अमेरिकेतील घरगुती प्रक्षेपणातून ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. प्रत्यक्ष लढत मात्र थंड झाली. मेवेदरने नेहमीप्रमाणे खांद्याआड हनुवटी लपवली, अंतर राखले, गुण गोळा केले आणि एकमताने जिंकला. पॅकियाओने खांद्याची दुखापत लपवली, असे कळल्यावर चिडलेल्या प्रेक्षकांनी अमेरिकेत खटलेही भरले. ते फेटाळले गेले आणि २०१९मध्ये अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. नियमानुसार पूर्ण झालेली लढत प्रेक्षकांना पाहायला मिळाली, म्हणजे त्यांनी मोजलेल्या पैशांचा मोबदला त्यांना मिळाला, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या दृष्टीने प्रेक्षक लढतीचे तिकीट विकत घेतो, रोमांचाचे नव्हे.

मेवेदरच्या अफाट कमाईचे रहस्य त्याच्या शैलीत नव्हते, ते त्याच्या अपराजित आकड्यात होते. ५० लढती, ५० विजय. कोट्यवधी लोक त्याला जिंकताना पाहायला नव्हे, तर कोणीतरी त्याला हरवताना पाहायला पैसे मोजत होते. 'शून्य पराभव' हीच त्याने विक्रीला ठेवलेली वस्तू होती आणि त्याच्या सावध शैलीशिवाय ती वस्तू टिकलीच नसती. मात्र हा मार्ग सर्वांना खुला नसतो. त्यासाठी रिंगणाबाहेर उद्धट, उधळ्या खलनायकाची भूमिका वर्षानुवर्षे वठवावी लागते. रिगाँडोला इंग्रजी फारसे बोलता येत नव्हते. त्यामुळे त्याच्या वाट्याला बचाव आला, पण नाट्य आले नाही.

रटाळपणाला स्वतःचा प्रेक्षक मिळू शकतो, हे युक्रेनच्या व्लादिमिर क्लिच्कोनेही दाखवून दिले. २००३ आणि २००४ या वर्षांतील दोन धक्कादायक पराभवांनंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याला लांब डाव्या हाताच्या आड राहायला आणि प्रतिस्पर्धी जवळ आला की त्याला कवेत घेऊन दाबून टाकायला शिकवले. फेब्रुवारी २००८मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुलतान इब्रागिमोव्हविरुद्ध या शैलीची एवढी हुर्यो उडाली की, त्यानंतर एप्रिल २०१५पर्यंत क्लिच्को अमेरिकेच्या रिंगणात उतरला नाही. पण त्याच काळात जर्मनीत तो फुटबॉलची मैदाने भरवत होता. २००९मध्ये गेल्सेनकिर्शनला त्याच्या लढतीसाठी ६० हजारांवर लोक जमले. साडेनऊ वर्षे हेवीवेटचे सिंहासन त्याने सोडले नाही.

आणि तरीही क्लिच्कोचे सर्वाधिक कौतुक झाले ते कोणत्या रात्री? २९ एप्रिल २०१७ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर, ९० हजार प्रेक्षकांसमोर, ज्या रात्री तो हरला. ४१ वर्षांचा क्लिच्को पाचव्या फेरीत अँथनी जोशुआकडून खाली पडला, उठला, सहाव्या फेरीत त्याने जोशुआला पाडले आणि अकराव्या फेरीत अखेर त्याची झुंज संपली. आयुष्यभर जिंकून जे प्रेम मिळाले नाही, ते एका पराभवाने मिळवून दिले. काही महिन्यांतच त्याने निवृत्ती स्वीकारली. रोमांच आणि विजय यांच्यातील ओढाताण याहून स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवली असेल.

रोमांचाची किंमत मात्र प्रेक्षक देत नाही, ती मुष्टियोद्धा देतो. ७ मे २००५ रोजी लास व्हेगासमध्ये दिएगो कोरालेस दहाव्या फेरीत दोनदा खाली पडला आणि त्याच फेरीत उठून त्याने होसे लुईस कॅस्टिलोला निष्प्रभ केले. या शतकातील सर्वोत्तम फेरी कोणती, असे विचारल्यावर आजही अनेक जण तिचेच नाव घेतात. त्यानंतर कोरालेस एकही लढत जिंकू शकला नाही. पुढच्या तिन्ही लढती तो हरला आणि त्या विजयाला बरोबर दोन वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी मोटारसायकलच्या अपघातात मरण पावला. अपघाताचा ठोशांशी संबंध नव्हता; पण रिंगणातील त्याची घसरण त्या महान रात्रीपासूनच सुरू झाली होती.

१३ नोव्हेंबर १९८२ची लढत तर याहून भीषण. रे मॅन्सिनी आणि दक्षिण कोरियाचा किम दुक कू यांची ती लढत अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली जात होती आणि ती अत्यंत चुरशीची होती. चौदाव्या फेरीत किम कोसळला आणि काही दिवसांतच त्याचे निधन झाले. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने जगज्जेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि पुढील काही वर्षांत अन्य संघटनांनीही तोच मार्ग धरला. ठोसे खाऊन भ्रमिष्टासारखे झालेल्या मुष्टियोद्ध्यांचे वैद्यकीय वर्णन अमेरिकेतील हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८मध्येच केले होते. मिकी वॉर्डनेही मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचे जाहीर केले आहे. ज्या तीन लढतींवर रसिक आजही जीव ओवाळून टाकतात, त्यांचा खरा हिशेब कोठे लिहिला गेला आहे, हे त्याला पुरते ठाऊक आहे.

आणि ज्याच्या नावाशिवाय मुष्टियुद्धावरील कोणताही लेख पुरा होत नाही, त्या महंमद अलीचे काय? तरुण अली हा बचाव रंजक कसा करावा याचा नमुना होता. पाय नाचत, डोके मागे झुके आणि ठोसा हवेत विरे. पुढे पाय मंदावले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे जो फ्रेझरविरुद्ध झालेली लढत ही या खेळातील सर्वाधिक गौरवली गेलेली लढत मानली जाते. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरला दिसेनासे झाले होते, तरी तो पंधराव्या फेरीसाठी उठायला तयार होता. प्रशिक्षक एडी फुच यांनी त्याला उठू दिले नाही. एका फेरीने प्रेक्षकांना आणखी थोडा रोमांच मिळाला असता; फुच यांनी आपल्या शिष्याचे आयुष्य निवडले. अलीला १९८४मध्ये पार्किन्सनचे निदान झाले. त्या विकारात ठोशांचा वाटा किती, यावर वैद्यकांत मतभेद आहेत. पण मनिलानंतर अली पूर्वीचा राहिला नाही, यावर कोणाचे दुमत नाही.

मराठी वाचकाला हा पेच अगदीच परका नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात नुसती खडाखडी लांबली की प्रेक्षक अस्वस्थ होतात, निकाली कुस्तीची मागणी करतात. गुणांवर सुटलेल्या कुस्तीला चितपट कुस्तीची सर नाही, असे मानणारा जाणता वर्ग आजही मोठा आहे. पण कुस्तीत पाठ जमिनीला टेकली की मामला संपतो. मुष्टियुद्धातील 'चितपट' म्हणजे समोरच्याची शुद्ध हरपणे. दोन खेळांतील प्रेक्षकांची मागणी एकच असली, तरी तिची किंमत एक नाही.

हौशी मुष्टियुद्धाने या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या मार्गाने शोधून पाहिले. १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अंतिम लढतीत रॉय जोन्स ज्युनियरने ८६ ठोसे लगावले आणि यजमान देशाच्या पार्क सी-हुनने ३२. सुवर्णपदक पार्कला मिळाले. त्या बदनामीनंतर १९९२पासून संगणकीय गुणपद्धती आली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत कळ दाबली तरच ठोसा मोजला जाई. परिणाम असा झाला की, आघाडी घेऊन उरलेला वेळ स्पर्श टाळत फिरणे हाच शहाणपणा ठरला. विजेंदर सिंगने २००८मध्ये बीजिंगला भारताचे मुष्टियुद्धातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळवले ते याच पद्धतीत. उपांत्यपूर्व फेरीतील त्याचा विजय ९-४ असा होता. नऊ आणि चार हे ठोसे आहेत, हे आज सांगितले तर खरे वाटणार नाही. २०१३मध्ये ही पद्धती मोडीत निघाली आणि व्यावसायिक धर्तीची दहा गुणांची पद्धत आली. त्याचबरोबर पुरुषांची शिरस्त्राणेही गेली. लढती पाहण्याजोग्या झाल्या, पण पंचांच्या मर्जीचा जुना प्रश्न परत आला.

विजेंदरच्या पुढील वाटचालीतही हाच धडा आहे. व्यावसायिक झाल्यावर ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळी येथे त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवले, ते अवघ्या एक ते तीन गुणांच्या फरकाने. लढत देखणी नव्हती. पण अपराजित हे बिरुद टिकले आणि त्याच बिरुदावर त्याच्या पुढच्या लढती उभ्या राहिल्या. मार्च २०२१मध्ये गोव्यात पणजीजवळ मांडवीतील जहाजावर रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत पराभूत केले आणि लागोपाठ बारा विजयांचे वलय एका रात्रीत पुसले गेले. भारतासारख्या देशात, जिथे व्यावसायिक मुष्टियुद्धाचा बाजार अजून बाल्यावस्थेत आहे, तिथे मुष्टियोद्ध्याकडे विजयांखेरीज दुसरे भांडवलच नसते.

तेव्हा मुष्टियोद्ध्याच्या बाजूने पाहिले तर उत्तर एकच आहे : आधी विजय, तोही कमीत कमी मार खाऊन. रोमांचाची मागणी करणारा प्रेक्षक सामना संपला की घरी जातो; ठोसे खाणाऱ्याला ते डोके घेऊन पुढची चाळीस वर्षे काढायची असतात. पण म्हणून प्रेक्षकांची तक्रार खोटी ठरत नाही. पैसे त्यांचे आहेत आणि ते आटले तर जिंकणाऱ्यालाही मोबदला मिळणार नाही. चूक आहे ती या तक्रारीचा पत्ता चुकतो ही.

अमेरिकेच्या शकूर स्टीव्हन्सनचे उदाहरण येथे बोलके आहे. जुलै २०२४मध्ये नेवार्क या त्याच्या जन्मगावीच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. वर्षभराने, जुलै २०२५मध्ये, न्यूयॉर्कमध्ये ठोशांचा अखंड वर्षाव करणारा मेक्सिकोचा विल्यम झेपेडा त्याच्यासमोर उभा करण्यात आला. स्टीव्हन्सन जागेवर उभा राहून लढला, निर्विवादपणे जिंकला आणि त्याच प्रेक्षकवर्गाने त्याला डोक्यावर घेतले. माणूस तोच, बचावही तोच. बदलला तो प्रतिस्पर्धी. रियाधमधील लढतीचा दोषही त्यामुळे केवळ स्कलच्या पायांकडे जात नाही. पळणाऱ्यासमोर सावधपणे वाट पाहणारा मुष्टियोद्धा उभा केला, तर दुसरे काय घडणार होते? जोड्या जुळवणारे, कवेत घेण्याच्या डावपेचाकडे डोळेझाक करणारे रेफरी आणि एकमेकांच्या विजेत्यांना समोरासमोर येऊ न देणाऱ्या संघटना यांच्या हाती लढतीचा रंग असतो. मुष्टियोद्ध्याला 'अधिक ठोसे खा' असे फर्मावणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अलालशिख यांच्यासारख्या धनवंतांनी रोमांचाची हमी मागावी, यात वावगे काही नाही. फक्त ती त्यांनी जोड्या जुळवणाऱ्या आपल्याच माणसांकडे मागावी. रिंगणात उतरणाऱ्याने एवढेच पाहावे की, घंटा वाजल्यावर आपला हात वर जावा आणि सभागृहाबाहेर पडताना आपल्याला घरचा पत्ता आठवावा.